वस्तूतल्या रसायनांचा हिशेब

सोलापूरच्या यंत्रमागावर विणलेला टेरी टॉवेल परदेशी दुकानात पोचतो तेव्हा त्याच्या लेबलावर ‘शंभर टक्के सुती’ असे छापलेले असते आणि धाग्यापुरते ते खरेही असते. परंतु बोंडापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्या सुताने कितीतरी रसायने अंगावर घेतलेली असतात. मागावर ताणा तुटू नये म्हणून त्याला खळ दिली जाते, विणून झाल्यावर ती खळ विकरांच्या साहाय्याने काढली जाते, कापसातले मेण आणि पिवळेपणा घालवण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते, पाणी धाग्यात लवकर मुरावे म्हणून त्यात वेटिंग एजंट मिसळला जातो, मग रंग, मीठ, सोडा ॲश आणि रंग पक्का करणारे फिक्सर येतात आणि शेवटी कापड हाताला मऊ लागावे म्हणून सॉफ्टनर दिला जातो. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा, म्हणजे अगदी वेगळ्या वर्गातल्या रंगाने रंगवलेला असतो. लेबलावरची शाई, बाथरोबचे बटण आणि बाहेरची प्लॅस्टिकची पिशवी आणखी तिसऱ्याचौथ्या कारखान्यातून आलेली असते. टॉवेल विकणारा उत्पादक यांतले एकही रसायन स्वतः बनवत नाही, तरीही तयार मालात कोणते रसायन किती उरले आहे याचे उत्तर बाहेरचा कायदा आणि बाहेरचा खरेदीदार त्याच्याकडेच मागतात.

नियमपालन म्हणजे प्रयोगशाळेतून एक प्रमाणपत्र आणणे, अशी समजूत लहानमोठ्या उद्योगांत बरीच पसरलेली आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण प्रयोगशाळा फक्त झालेल्या गोष्टीची खातरजमा करते; नियम पाळला जाणार की मोडला जाणार हे त्याच्या बरेच आधी, रंगाचे डबे आणि ऑक्झिलरींचे, म्हणजे साहाय्यक रसायनांचे, कॅन विकत घेतले जातात तेव्हाच, ठरून गेलेले असते. ही गोष्ट ॲझो रंगांच्या इतिहासातून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कशातून क्वचितच होईल, आणि कापडउद्योगाला या प्रकारच्या नियमांची पहिली मोठी ओळखही त्याच रंगांनी करून दिली.

दोन नायट्रोजन अणू परस्परांशी दुहेरी बंधाने जोडलेले असले की त्या जोडीला ॲझो गट म्हणतात आणि असा गट असलेल्या रंगांना ॲझो रंग. पेटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये शोधलेल्या अभिक्रियेवर हे सारे रंग उभे आहेत. १८८४ मध्ये बेंझिडीन या द्रव्यापासून काँगो रेड तयार झाला आणि तुरटीसारख्या रंगबंधकाची मदत न घेता सूत थेट रंगवता येऊ लागले. स्वस्त, झळझळीत आणि वापरायला सोपे असे हे ‘डायरेक्ट’ रंग लवकरच जगभर पसरले. याच सुमारास रंगांच्या कारखान्यांतले कामगार एका विशिष्ट रोगाने आजारी पडू लागले होते. फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात आढळलेल्या गाठींची नोंद केली, आणि पुढच्या दशकांत बेंझिडीन, २-नॅफ्थिलअमाइन यांसारखी ॲरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे बेंझीनच्या वलयाला नायट्रोजनचा गट जोडलेली संयुगे, या कर्करोगाला कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. कापड वापरणाऱ्याचा संबंध यानंतर येतो: रंगाचा रेणू अखंड असताना निरुपद्रवी वाटला, तरी त्वचेवरचे व आतड्यातले जीवाणू आणि यकृतातली विकरे ॲझो बंध तोडू शकतात, आणि बंध तुटला की मूळचे अमाइन पुन्हा मोकळे होते. टॉवेल तर ओल्या अंगाला घासला जातो आणि तान्हे मूल त्याचे टोक तोंडात घालून चोखतेही.

जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली आणि भारतातून जाणाऱ्या कापड व चामड्याच्या मालावर तिचा थेट आघात झाला. भारत सरकारनेही पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९७ मध्ये अधिसूचना काढून ११२ ॲझो रंगांच्या हाताळणीस मनाई केली. युरोपीय संघाने २००२ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी निर्देश काढला, तो २००३ पासून लागू झाला आणि आज तोच निर्बंध ‘रीच’ या मोठ्या कायद्याच्या सतराव्या परिशिष्टात समाविष्ट आहे. दोन्ही कायद्यांचा हेतू एकच असला तरी त्यांच्या रचनेत एक फरक आहे आणि उत्पादकाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. भारतीय अधिसूचनेने रंगांची नावे दिली, तर युरोपीय कायद्याने रंगांची नावे न देता परिणामावर बोट ठेवले: त्वचेशी दीर्घकाळ संपर्क येणाऱ्या कापडात किंवा चामड्यात असा कोणताही ॲझो रंग नको, जो फुटल्यावर यादीतल्या २२ अमाइन्सपैकी एखादे अमाइन दर किलोग्रॅमला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मोकळे करील. रंगाचे व्यापारी नाव बदलता येते, दोन रंग मिसळून तिसऱ्या नावाने विकता येतात, चांगल्या रंगात वाईट रंगाची भेसळही होऊ शकते. परिणाम मोजणारा कायदा या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. नावांच्या यादीपेक्षा ही पद्धत कठोर आहे आणि न्याय्यही आहे, परंतु तिच्यामुळे ‘आमचा रंग बंदीच्या यादीत नाही’ हे उत्तर उत्पादकाला पुरेनासे होते.

ज्या ‘रीच’ कायद्याचा वर उल्लेख आला, त्याचे नाव नोंदणी, मूल्यमापन, परवानगी आणि निर्बंध या चार कृतींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले आहे. तो १ जून २००७ पासून अमलात आला आणि त्याची व्यवस्था पाहणारी युरोपियन केमिकल्स एजन्सी फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत आहे. त्याआधी युरोपात १९८१ पूर्वीपासून बाजारात असलेली एक लाखाहून अधिक रसायने ‘जुनी’ म्हणून गणली जात आणि त्यांच्या धोक्यांची पुरेशी माहिती नसतानाही ती विकली जात. एखादे रसायन घातक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर होती. नव्या कायद्याने ती जबाबदारी उलटी फिरवली. युरोपात वर्षाला एक टन किंवा अधिक प्रमाणात एखादे रसायन बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्याने त्याच्या गुणधर्मांची माहिती देऊन नोंदणी केलीच पाहिजे, दहा टनांच्या वर रासायनिक सुरक्षितता अहवालही दिला पाहिजे, आणि माहिती नसेल तर बाजारही मिळणार नाही, असे सूत्र ठरले. नोंदणीच्या मुदती प्रमाणानुसार २०१०, २०१३ आणि २०१८ अशा तीन टप्प्यांत संपल्या. तारापूर, वापी किंवा अंकलेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला रंग-उत्पादक युरोपाबाहेरचा असल्याने त्याला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येत नाही; त्याला युरोपातला एक ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे त्याच्या वतीने नोंदणीची सर्व कर्तव्ये पार पाडणारा अधिकृत प्रतिनिधी, नेमावा लागतो. एकाच रसायनाचे सारे नोंदणीदार चाचण्यांची माहिती आणि तिचा खर्च वाटून घेतात, जेणेकरून तीच चाचणी प्राण्यांवर पुन्हा पुन्हा करावी लागू नये.

टॉवेलवाल्याची जागा या व्यवस्थेत वेगळी आहे. कायद्याच्या लेखी बाजारातली प्रत्येक गोष्ट तीन प्रकारांपैकी एकात बसते: शुद्ध रसायन, रसायनांचे मिश्रण, किंवा ‘आर्टिकल’ म्हणजे जिचे काम तिच्या रासायनिक घटकांपेक्षा आकारावर आणि रचनेवर जास्त अवलंबून असते अशी वस्तू. रंगाची पूड हे मिश्रण आहे, टॉवेल हे आर्टिकल आहे. टॉवेलातून मुद्दाम बाहेर सोडले जाणारे असे काही नसल्यामुळे त्यातल्या रंगाची नोंदणी करावी लागत नाही. मात्र दोन बंधने त्यालाही लागू होतात. पहिले म्हणजे निर्बंधांच्या परिशिष्टातल्या मर्यादा, आणि दुसरे म्हणजे ‘कँडिडेट लिस्ट’ या नावाने ओळखली जाणारी अतिचिंताजनक पदार्थांची यादी. कर्करोगकारक, प्रजननास अपायकारक, किंवा निसर्गात न विघटता सजीवांच्या शरीरात साठत जाणारे पदार्थ या यादीत घातले जातात. ऑक्टोबर २००८ मध्ये ती १५ नावांनी सुरू झाली. सामान्यतः वर्षातून दोनदा तिच्यात भर पडते आणि आता ती अडीचशेच्या घरात गेली आहे. वस्तूत यांतला पदार्थ वजनाने ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर पुढच्या व्यावसायिक खरेदीदाराला ते आपणहून कळवावे लागते, आणि सामान्य ग्राहकाने विचारले तर विक्रेत्याला ४५ दिवसांत विनामूल्य उत्तर द्यावे लागते. नाव यादीत आले त्याच दिवसापासून ही जबाबदारी सुरू होते. जुना माल गोदामात आहे ही सबब चालत नाही.

हे ०.१ टक्के कशाचे, यावर युरोपात कित्येक वर्षे वाद होता. काही देश म्हणत, संपूर्ण वस्तूचे. काही म्हणत, तिच्या प्रत्येक भागाचे. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी निकाल दिला की एकदा आर्टिकल म्हणून घडलेली गोष्ट मोठ्या वस्तूत जोडली गेली तरी आर्टिकलच राहते आणि टक्केवारी तिच्यापुरतीच मोजली जाते. याचा अर्थ एका किलोच्या बाथरोबवरून पाहता येतो. त्याचे एक बटण दोन ग्रॅमचे आहे आणि त्यात यादीतला एखादा पदार्थ एक टक्का, म्हणजे २० मिलिग्रॅम आहे, असे समजले तर संपूर्ण बाथरोबच्या हिशेबात तो ०.००२ टक्के होतो आणि मर्यादेच्या कितीतरी खाली राहतो. बटणाच्या हिशेबात मात्र तो मर्यादेच्या दहापट असतो. निकालानंतर बटण, झिप, इलॅस्टिक आणि रबरी छपाई यांचा प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवणे भाग झाले, आणि ज्या भागांना शिवणकामात किरकोळ समजून बाजारातून मिळतील तसे आणले जाई, तेच कागदपत्रांत सर्वांत जास्त जागा व्यापू लागले.

अशा स्थितीत समंजस उत्पादक कामाची सुरुवात खरेदीपासून करतो. मोठे खरेदीदार दोन प्रकारच्या याद्या देतात. ‘आरएसएल’ ही तयार मालात काय किती उरू शकते याची यादी असते. ‘एमआरएसएल’ ही कारखान्यात वापरायच्या रसायनांत मुळातच काय नको याची यादी असते. ग्रीनपीस संघटनेच्या मोहिमेनंतर २०११ मध्ये काही मोठ्या ब्रँडांनी एकत्र येऊन ‘झेडडीएचसी’ हा उपक्रम सुरू केला आणि त्याची एमआरएसएल आज कापड व चामड्याच्या उद्योगांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. या दोन याद्यांपैकी दुसरी खऱ्या अर्थाने संरक्षण करणारी आहे. तयार टॉवेल धुऊन धुऊन स्वच्छ करता येतो आणि चाचणीत उत्तीर्णही होतो, पण धुतलेले रसायन नाहीसे होत नाही. ते रंगशाळेतल्या कामगाराच्या हातावरून आणि सांडपाण्यावाटे नदीत गेलेले असते. रेन यांचे रुग्ण रंगीत कापड वापरणारे नव्हते, रंग बनवणारे होते, याचा विसर केवळ अंतिम माल तपासणाऱ्या व्यवस्थेला सहज पडतो.

नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या धुण्याच्या द्रव्याची कथा हेच दाखवते. सूत स्वच्छ करण्यासाठी ते स्वस्त आणि परिणामकारक असते. पाण्यात गेल्यावर मात्र त्याचे नोनिलफिनॉल बनते आणि ते माशांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात ढवळाढवळ करते. युरोपाने आपल्या कारखान्यांतला त्याचा वापर २००५ पासून बहुतांशी थांबवला, तरी नद्यांत ते सापडतच राहिले, कारण आशियातून आलेल्या कपड्यांत त्याचा अंश उरलेला असे आणि पहिल्या काही धुण्यांत तो युरोपच्या सांडपाण्यात उतरे. शेवटी ३ फेब्रुवारी २०२१ पासून धुतल्या जाणाऱ्या कापडी वस्तूंत त्याचे प्रमाण वजनाने ०.०१ टक्क्याखाली असावे असा निर्बंध आला. ज्या गावांत ते द्रव्य पिंपांनी ओतले जात होते तिथल्या नद्यांचा विचार करून हा नियम आलेला नाही. तरीही निर्यातीच्या मालासाठी ते द्रव्य बंद झाले की इचलकरंजीच्या पंचगंगेसारख्या नदीला त्याचा फायदा मिळतो.

रसायन विकत घेताना सर्वप्रथम हाती येतो तो ‘एसडीएस’, म्हणजे सुरक्षितता माहितीपत्रक. कारखान्यांत अजूनही त्याला जुन्या नावाने ‘एमएसडीएस’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या जागतिक समन्वित वर्गीकरण पद्धतीनुसार त्याचे १६ विभाग ठरलेले आहेत. दुसऱ्या विभागात धोके आणि लाल किनारीच्या चौकटीतली धोकाचिन्हे, तिसऱ्यात घटक, आठव्यात हातमोजे व मुखवटा, चौदाव्यात वाहतूक, पंधराव्यात कायदे, अशी त्याची मांडणी असते. खरेदीच्या वेळी तिसरा विभाग जपून वाचावा लागतो, कारण तिथे प्रत्येक घटकापुढे त्याचा कॅस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख-क्रमांक, असतो. व्यापारी नावे बदलतात, एकाच रसायनाला दहा नावे असतात, कॅस क्रमांक मात्र एकच असतो, आणि तो चुकीचा लिहिला गेला तर ओळखण्याची सोय त्यातच केलेली आहे. बेंझिडीनचा क्रमांक ९२-८७-५ असा आहे. शेवटचा ५ हा पडताळणीचा अंक आहे: उरलेले अंक उजवीकडून घेऊन त्यांना क्रमाने एक, दोन, तीन, चार यांनी गुणले तर ७, १६, ६ आणि ३६ येतात, त्यांची बेरीज ६५ होते आणि तिचा शेवटचा अंक ५ असतो. पुरवठादाराच्या घोषणापत्रावर असा ताळा न जमणारा क्रमांक दिसला, तर ते पत्र न पाहता टंकलेले आहे असा संशय घ्यायला जागा असते.

तथापि माहितीपत्रकाचे मौन हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे, आणि हे साध्या हिशेबाने दाखवता येते. कर्करोगकारक घटक मिश्रणात साधारणतः ०.१ टक्क्याच्या पुढे गेला तरच तो पत्रकात लिहावा लागतो. गडद रंगाच्या एक किलो टॉवेलावर समजा ३० ग्रॅम रंग बसला आणि त्या रंगात निषिद्ध अमाइनचा अंश बरोबर ०.१ टक्का असला, तर त्या किलोभर कापडावर ३० मिलिग्रॅम अमाइन येऊ शकते. म्हणजे माहितीपत्रकात काहीही नसलेला रंग कापडाला कायद्याच्या थेट काठावर आणून ठेवतो, आणि दोन रंग मिसळून छटा जुळवली तर पलीकडेही ढकलू शकतो. झेडडीएचसीच्या यादीत रंगाच्या पुडीतच या अमाइन्ससाठी दर दशलक्ष भागांत १५० भाग अशी मर्यादा आहे ती यासाठीच. तिच्याप्रमाणे तेवढ्याच कापडावर जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम येईल. म्हणून जाणता खरेदी-अधिकारी माहितीपत्रकाबरोबर रंगाच्या त्या विशिष्ट लॉटचा विश्लेषण-अहवाल आणि यादीशी सुसंगत असल्याचे लेखी घोषणापत्रही मागतो.

व्यवस्था ढासळते ती बहुतेक वेळा कागदावर नव्हे, जॉबवर्कच्या साखळीत. निर्यातदार रंगकाम बाहेरच्या लहान प्रोसेस हाऊसला देतो. लॅब डिप, म्हणजे मंजुरीसाठी रंगवलेला छोटा नमुना, मान्य झालेल्या कंपनीच्या रंगानेच तयार झालेला असतो. पुढे प्रत्यक्ष लॉट चालू असताना छटा थोडी कमी पडते, शिपमेंटची तारीख जवळ आलेली असते, आणि छटा जुळवायला लागणारा किलोभर रंग जवळच्या दुकानातून सुटा आणला जातो. त्या रंगाला ना लॉट क्रमांक असतो ना घोषणापत्र, आणि पाच हजार मीटर मालाची सुरक्षितता त्या एका पुड्यावर येऊन ठेपते. कधी रंग निर्दोष असतो, पण त्याच यंत्रात आदल्या पाळीत देशी बाजाराचा माल स्वस्त डायरेक्ट रंगाने रंगवलेला असतो आणि नीट न धुतलेल्या टाकीतून त्याचा अंश पुढच्या मालात येतो. यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत: रसायनांच्या गोदामात प्रत्येक डब्यावर आवक तारीख आणि लॉट, रेसिपी कार्डावर प्रत्येक टाकीत किती ग्रॅम काय पडले याची नोंद, मंजूर यादीबाहेरचे काहीही आत न येऊ देणारा स्टोअरकीपर, आणि जॉबवर्क देताना नुसत्या छटेऐवजी रंगाचे नावच ठरवून देणारा करार. लहान रंगशाळेला दर वाढवून न देता तिच्याकडून ही शिस्त मागणे मात्र अन्यायाचे आहे. वहीचा आणि माणसाचा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो आणि तो ब्रँडपासून खालपर्यंत वाटला गेला नाही तर नोंदी फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी लिहिल्या जातात.

एवढे झाल्यावर प्रयोगशाळेची पाळी येते. ॲझो रंगांसाठी ईएन आयएसओ १४३६२ हे प्रमाण वापरतात आणि त्याची कृती पाहिली की कायद्यातली ‘मोकळे करील’ ही भाषा कुठून आली ते समजते. कापडाचे बारीक तुकडे करून त्यांतले एक ग्रॅम बंद नळीत घेतात, त्यावर आम्लता ६ वर स्थिर ठेवणारे सायट्रेटचे द्रावण ओततात आणि नळी ७० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवतात. मग सोडियम डायथायोनाइट घालतात. हेच द्रव्य रंगशाळेत ‘हायड्रोस’ या नावाने रोजच्या वापरात असते. ते ॲझो बंध तोडते, आणि आणखी अर्ध्या तासात डोळ्यांदेखत कापडाचा रंग उडू लागतो. मोकळी झालेली अमाइन्स सेंद्रिय द्रावकात उतरवून घेतात आणि क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकवून सुटे करणाऱ्या पद्धतीने, मोजतात. पॉलिएस्टर दोऱ्यातला डिस्पर्स रंग असा पाण्यात सुटत नाही, तो आधी गरम द्रावकाने काढून घ्यावा लागतो. यादीतले ४-अमिनोॲझोबेंझीन हे अमाइन तर या चाचणीत स्वतःच पुन्हा फुटते आणि ॲनिलीन व १,४-फेनिलिनडायअमाइन यांच्या रूपाने दिसते. ती दोन द्रव्ये दिसली की ४० अंशांवरची दुसरी, सौम्य चाचणी करून खातरजमा करावी लागते. ज्या उत्पादकाला हे ठाऊक नसते तो पहिल्या अहवालातल्या तांत्रिक टिपेकडे दुर्लक्ष करतो आणि माल बंदरात अडकल्यावर प्रश्न विचारू लागतो.

अहवाल देणारी प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या प्रमाणानुसार मान्यताप्राप्त असावी लागते; भारतात ही मान्यता एनएबीएल ही संस्था देते, आणि मुंबईतील टेक्स्टाइल्स कमिटी, बीट्रा आणि अहमदाबादची अटिरा यांसारख्या संस्थांनी कापडाच्या चाचण्यांची परंपरा बांधलेली आहे. पण अहवाल कितीही चांगला असला तरी तो पाठवलेल्या नमुन्यापुरताच खरा असतो, आणि तसे अहवालावरच लिहिलेलेही असते. निवडून पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल संपूर्ण मालाला लावणे ही स्वतःची फसवणूक आहे. म्हणून कुठल्या रंगाचे, कुठल्या लॉटचे आणि किती वेळा नमुने घ्यायचे हे धोक्यावरून ठरवतात: पांढऱ्या टॉवेलाला ॲझो चाचणीची गरज नसते, गडद काळ्या-तांबड्याला असते, नवीन पुरवठादाराच्या पहिल्या मालाला जास्त असते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या क्षेत्रात ही पद्धत मानकातच लिहून ठेवलेली आहे. तिथे युरोपच्या ‘रोह्स’ निर्देशानुसार शिसे, पारा, कॅडमियम वगैरे दहा पदार्थांची मर्यादा प्रत्येक एकजिनसी भागाला, म्हणजे तारेच्या आवरणाला आणि डाखाच्या थेंबालाही स्वतंत्रपणे लागू होते आणि तांत्रिक दस्तऐवज दहा वर्षे जपावे लागतात. २००१ च्या अखेरीस नेदरलँड्समध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन खेळयंत्रांच्या केबलमध्ये मर्यादेहून जास्त कॅडमियम आढळले आणि सुमारे १३ लाख यंत्रे नाताळच्या तोंडावर अडकली. त्यानंतर त्या कंपनीने पुरवठादारांची स्वतःच्या निकषांवर तपासणी करणारी योजनाच उभी केली.

बाजार बदलला की मापेही बदलतात. सुरकुत्या न पडण्यासाठी कापडाला दिलेल्या रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड निघते; जपानने १९७३ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते दर दशलक्ष भागांत १६ भागांपुरते मर्यादित केले, तर युरोपात २०२० पासून अंगाला लागणाऱ्या कापडाला ७५ ची मर्यादा आहे. फॉर्माल्डिहाइड वायुरूप असल्याने ते एका कापडातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे जपानला जाणारे बाळकपडे शिवून झाल्याबरोबर बंद पिशवीत ठेवले जातात आणि प्रौढांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांपासून दूर साठवले जातात. चामड्यात मुख्य काळजी षट्संयुजी क्रोमियमची असते. क्रोमने कमावलेल्या कातड्यात वापरलेले त्रिसंयुजी क्रोमियम उष्णतेने आणि प्रकाशाने अंशतः त्या घातक रूपात बदलू शकते, म्हणून युरोपात २०१५ पासून दर किलोला ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कोल्हापुरी चप्पल परंपरेने वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या कातड्याची असते, हा तिचा मोठाच गुण आहे; मात्र तळव्याला लावलेले चिकटद्रव्य आणि पट्ट्याचा रंग यांचा हिशेब तिलाही द्यावा लागतो.

भारतात खेळण्यांसाठी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आणि घरगुती रंगांतले शिसे २०१७ पासून दर दशलक्ष भागांत ९० भागांवर आणले गेले, ही दोन्ही पावले महत्त्वाची आहेत. सर्व रसायनांना कवेत घेणारा, रीचसारखा एकसंध कायदा मात्र मसुद्यापलीकडे गेलेला नाही. परिणामी एकाच रंगशाळेत सकाळच्या पाळीत निर्यातीचा टॉवेल घोषणापत्रासह रंगवला जातो आणि रात्रीच्या पाळीत गावच्या बाजाराचा टॉवेल कुठल्याही प्रश्नाशिवाय. दोन्ही पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाचे शरीर एकच असते आणि गावच्या बाजारातल्या बाळाची त्वचाही युरोपातल्या बाळापेक्षा जाड नसते. निर्यातीसाठी उभारलेली ही शिस्त घरच्या मालाला लावायला तांत्रिक अडचण कोणतीही नाही, कारण माणसे, वह्या आणि प्रयोगशाळा आधीच तयार आहेत.

बंदी आलेल्या रसायनाऐवजी काय वापरायचे, हा प्रश्न यानंतरही उरतो आणि तो सर्वांत अवघड आहे. पाणी न शोषणाऱ्या कापडासाठी आठ कार्बनांची फ्लोरिनयुक्त साखळी वापरली जाई; ती निसर्गात टिकून राहते हे कळल्यावर उद्योग सहा कार्बनांच्या साखळीकडे वळला, आणि २०२४ मध्ये युरोपाने त्या सहा कार्बनांच्या आम्लावरही निर्बंध घातला. एकाच कुळातला जवळचा भाऊ निवडल्याने दोनदा यंत्रे, रेसिपी आणि मंजुऱ्या बदलाव्या लागल्या. शेजारचे रसायन निवडण्याऐवजी मेण किंवा सिलिकॉन अशा वेगळ्या कुळाकडे आधीच गेलेल्यांचा खर्च वाचला, जरी त्यांच्या कापडावर तेलाचे डाग पूर्वीसारखे अडत नाहीत.

जुलै २०२४ मध्ये युरोपात अमलात आलेला शाश्वत उत्पादनांचा नवा कायदा ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’ आणू पाहतो, आणि त्यासाठी अग्रक्रमाने निवडलेल्या वस्तूंत कापड आहे. वस्तूला जोडलेल्या संकेतावरून तिच्यातल्या चिंताजनक पदार्थांची माहिती पुढचा विक्रेता, दुरुस्ती करणारा आणि शेवटी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढणाराही वाचू शकेल, अशी त्यामागची कल्पना आहे. पुनर्वापराच्या सुताला आज हीच माहिती मिळत नाही. वीस वर्षांपूर्वी कोणत्या रंगाने रंगवलेली चादर त्या गठ्ठ्यात आली आहे हे कुणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून पानिपतसारख्या केंद्रांत पुनर्वापराचे सूत वापरणाऱ्याला प्रत्येक गठ्ठा अनोळखी मानून तपासावा लागतो. आज रेसिपी कार्डावर लिहिलेला रंगाचा लॉट क्रमांक पासपोर्ट आल्यावर उद्याच्या चिंधीबरोबर पोचलेला असेल.